‘ऑरगॅनिक’ पॅड घेण्याआधी एक पॅड कापून बघा

तुमचा प्रश्न असा आहे: मुलगी दहावीत आहे, पाळीच्या तिसऱ्या दिवशी तिच्या जांघा लाल होऊन चुरचुरतात, दुकानदार ‘ऑरगॅनिक बांबू’ लिहिलेलं पाकीट पुढे करतो आणि किंमत नेहमीच्या पॅडच्या तिप्पट. घ्यावं का, आणि त्यानं पर्यावरणाचं खरंच भलं होतं का? पुरळ आणि पर्यावरण हे दोन वेगळे प्रश्न आहेत, त्यामुळे आधी पुरळाचं बोलू.

जांघांतलं पुरळ बहुतेक वेळा ओल, घाम आणि घासण्यानं येतं. वरचा जाळीदार प्लास्टिकचा थर आणि सुगंध त्यात भर घालतात. शाळेतल्या मुली सकाळी सातला लावलेला पॅड दुपारी दोनपर्यंत चालवतात, कारण शाळेच्या स्वच्छतागृहात पाणी नसतं किंवा दाराला कडी नसते. म्हणून ब्रँड बदलण्याआधी हे विचारा, की मधल्या सुट्टीत तिला पॅड बदलता येतो का. अंगावरून कमी जात असलं तरी चार ते सहा तासांनी पॅड बदलायलाच हवा. बिनसुगंधी आणि वरचा थर सुती असलेला पॅड दोन-तीन पाळ्या वापरून बघा. पाळी संपल्यावरही खाज राहिली किंवा चट्ट्याची कड गोल गोल पसरत गेली, तर ती बुरशी असू शकते. मग त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, त्यावर कुठलाही पॅड औषध नाही.

आता पाकिटावरच्या शब्दांकडे. ‘ऑरगॅनिक’ म्हणजे कापूस रासायनिक खतं-फवारण्यांशिवाय पिकवला, एवढंच. पॅडचा मागचा थर, मधला गाभा, चिकटपट्टी यांबद्दल तो शब्द काहीच सांगत नाही. आणि कापसाबद्दलचा दावा पडताळता यायचा असेल तर पाकिटावर जीओटीएस (सेंद्रिय कापडाचं आंतरराष्ट्रीय मानक) यासारखं प्रमाणपत्र आणि परवाना क्रमांक हवा. जीओटीएसचा क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर टाकून कोणालाही पडताळता येतो. क्रमांकच नसेल तर ‘ऑरगॅनिक’साठी जास्तीचे पैसे मोजू नका. ‘बांबू’चं तर आणखी वेगळं. बांबूचा लगदा रसायनांत विरघळवून त्यातून ओढलेला धागा म्हणजे व्हिस्कोस, आणि बाजारातलं ‘बांबू’ कापड बहुतेक तेच असतं. ते मऊ असतं, त्वचेला बरंही वाटतं, पण नैसर्गिक म्हणून तिप्पट किंमत द्यावी असं त्यात काही नाही.

दिल्लीच्या टॉक्सिक्स लिंक या संस्थेनं २०२२ मध्ये भारतीय बाजारातले १० पॅड तपासले. त्यांत ऑरगॅनिक म्हणून विकले जाणारेही होते. प्लास्टिक मऊ करणारी थॅलेट्स आणि हवेत उडून जाणारी काही रसायनं सगळ्याच नमुन्यांत सापडली. सापडली म्हणजे आजार होणारच असं नाही, घाबरून जाऊ नका. पण महाग पाकीट घेतलं की रसायनांपासून सुटका झाली, असंही धरून चालू नका.

एका संध्याकाळी लेकीला सोबत घेऊन हे करून बघा. तिच्या नेहमीच्या पॅडमधला एक आणि नवीन पाकिटातला एक, दोन्ही कात्रीनं मधोमध कापा. वरचा थर सोलून त्याचा बोटभर तुकडा चिमट्यात धरा आणि खिडकी उघडी ठेवून मेणबत्तीवर न्या. सुती असेल तर कागदासारखा जळतो आणि राख चुरगळता येते. प्लास्टिक असेल तर आक्रसतं, वितळतं आणि गार झाल्यावर कडक मणी राहतो. मग गाभ्यावर अर्धी वाटी पाणी ओता. बारीक कण फुगून पारदर्शक गोळे झाले, तर ती शोषक जेल पावडर. तिच्यामुळेच पॅड पातळ असूनही गळत नाही. ती वाईटच असं मी म्हणत नाही, पण ती कुजत नाही, आणि ‘शंभर टक्के कापूस’ लिहिलेल्या पॅडमध्ये ती निघाली तर काय समजायचं ते तुमच्या लक्षात येईल.

पर्यावरणाचा प्रश्न पॅड घरातून बाहेर पडल्यावर सुरू होतो. काही पॅड खरोखर चांगले बनवलेले असतात. अहमदाबादची साथी ही कंपनी केळीच्या खोडाच्या धाग्याचे पॅड बनवते, आणि फळ उतरवल्यावर शेतात उरणाऱ्या खोडाचा असा उपयोग मला मनापासून आवडतो. पण तोच पॅड प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून कचरा डेपोवर गेला, तर हवा लागत नाही आणि नीट कुजतही नाही. मक्याच्या स्टार्चपासून केलेल्या मागच्या थराला तर बहुधा कारखान्यातल्या कंपोस्टची पन्नास-साठ अंशांची उष्णता लागते. गच्चीवरच्या खताच्या डब्यात ती मिळत नाही.

आणि मध्ये माणसं असतात. पुण्यात ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेच्या कचरावेचक महिला रोज दारोदार जातात आणि सुका कचरा हातानं वेगळा करतात. उघडा पॅड त्यांच्या हाताला लागतो, आणि तो ऑरगॅनिक आहे की नाही यानं त्यांना काहीच फरक पडत नाही. वापरलेले पॅड हाती येतात म्हणून २०१३ मध्ये पुण्यातल्या कचरावेचकांनी ते पिशव्यांत भरून थेट पॅड बनवणाऱ्या कंपन्यांना पाठवले होते. २०१७ मध्ये शहरात लाल ठिपक्याची मोहीम झाली: पॅड वर्तमानपत्रात गुंडाळा आणि वर ठळक लाल ठिपका काढा. २०१६ च्या घनकचरा नियमांनीही गुंडाळून देणं तुमचं काम ठरवलं होतं, आणि पाकिटासोबत पिशवी देणं कंपनीचं. कुठलाही पॅड घ्या, एवढं करा. संडासात कधीच टाकू नका.

कचरा खरंच कमी करायचा असेल तर पुन्हा वापरता येणाऱ्या वस्तूंकडे या. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२१ च्या अहवालातही पर्यावरणाच्या दृष्टीनं मासिक पाळीचा कप (योनीत बसवून रक्त साठवणारा, धुऊन पुन्हा वापरायचा) पहिला आला होता, आणि पुन्हा वापरायच्या वस्तू एकदाच वापरायच्या वस्तूंपेक्षा बऱ्या ठरल्या होत्या. दहावीच्या मुलीसाठी मी कापडी पॅड आधी सुचवेन. ऑरोविलच्या इको फेमसारखे गट कितीतरी वर्षं ते शिवून विकतात. आता त्यांच्यासाठी आयएस १७५१४ हे भारतीय मानकही आहे. आपल्या आज्यांच्या कापडाच्या घड्यांना नावं ठेवली जातात, पण त्रास कापडाचा नव्हता. घड्या दुसऱ्या कपड्यांखाली लपवून सावलीत वाळवाव्या लागत आणि ओलसरच वापराव्या लागत, त्रास त्याचा होता. म्हणून कापडी पॅड घ्यायचा तर तुमच्या घरात तो उघड्यावर, उन्हात, चारचौघांच्या कपड्यांशेजारी वाळेल का, हे आधी ठरवा. वडिलांसमोर वाळत घालायला मुलगी लाजत असेल तर आधी तुम्ही वडिलांशी बोला. अर्धा तास गार पाण्यात भिजवायचा (गरम पाण्यानं डाग पक्का होतो), साध्या साबणानं धुवायचा, सॉफ्टनर घालायचा नाही, नाहीतर शोषणं कमी होतं. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन नसतंच, तेव्हा पंख्याखाली पूर्ण वाळवून वर इस्त्री फिरवायची. कोकणात राहत असाल तर पावसाळ्यापुरते दोन-चार जादा पॅड ठेवा.

कप किशोरवयीन मुलीही वापरतात, लहान मापाचे मिळतात. २०१९ मध्ये लॅन्सेट पब्लिक हेल्थमध्ये ४३ अभ्यासांचा आढावा आला. त्यात गळती पॅडइतकीच किंवा कमी होती आणि सुमारे ७० टक्के जणींना पुढेही कप हवा होता. योनीपाशी असलेला पडदा (योनिपटल) फाटण्याची भीती घरात कोणी घातलीच, तर पडद्यावरून कौमार्य कळतच नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. तरी कप घ्यायचा की नाही हे तिनं ठरवायचं. तुम्ही स्वतः वापरणार असाल आणि तांबी (गर्भाशयात बसवायचं गर्भनिरोधक) बसवलेली असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. कप ओढताना तांबी सरकू शकते.

या महिन्यात बिनसुगंधी, वर सुती थर असलेला साधा पॅड आणा आणि दोन कापडी पॅड घ्या. कापडी पॅड आधी सुट्टीच्या दिवशी घरी वापरू द्या, शाळेत नको. तिसऱ्या दिवशी जांघा कशा आहेत ते कळवा, मग पुढचं बघू.