आतड्यात खांदा कुठून आला?

दारव्हा तालुक्यातल्या एका आशाताईंनी विचारलंय. त्यांच्याकडच्या माहितीपत्रकात वाक्य आहे, 'मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची सुरुवात बहुधा स्कंधपेशींत होते.' गावात वाचून दाखवलं तर एक आजोबा म्हणाले, "आतड्यात खांदा कुठून आला वं माय?" ज्यांच्यातून नव्या पेशी जन्मत राहतात त्या पेशींना इंग्रजीत 'स्टेम सेल' म्हणतात; त्यासाठी स्कंधपेशी, स्तंभपेशी, मूलपेशी असे तीन शब्द ताईंना सापडले. बरोबर कोणता?

ताई, आजोबांचं काही चुकलं नाही. स्कंध म्हणजे खांदाच. पण झाडालाही खांदा असतो : बुंध्यातून फांद्या फुटतात तो भाग. चिंचेच्या 'खांदी'वर पोरं चढतात ती खांदी याच घराण्यातली. सप्ताहात भागवताचे 12 स्कंध ऐकतो, बौद्ध घरांत पंचस्कंध ठाऊक असतात. म्हणजे शब्द गावाला परका नाही, पेशीला चिकटला की मात्र अनोळखी होतो.

मुळात 'स्टेम सेल' हा शब्द जर्मन. एर्न्स्ट हेकेल यांनी 1868 मध्ये 'श्टामत्सेले' म्हटलं, तेही सगळ्या जीवसृष्टीच्या आद्य एकपेशीय पूर्वजाला. जर्मनमध्ये 'श्टाम' म्हणजे झाडाचं खोड आणि वंशसुद्धा. तेव्हा खोड म्हणजे वंश जिथून फुटतो ते. हे ध्यानात घेतलं की 'स्तंभपेशी' बाद होते. खांबाला फांदी फुटत नाही. खांबातून काही निघालं ते नरसिंहाच्या वेळी, तेवढंच.

राहिली 'मूलपेशी'. मराठी माणसाला मूल म्हटलं की लेकरू दिसतं. म्हणून मी ळ घालून 'मूळपेशी' लिहितो. आपल्याकडे वऱ्हाडात बोलताना त्याचं 'मूय' होईल, होऊ द्या.

मूळ हा शब्द इथं बसतोही नेमका. आतड्याच्या आतल्या अस्तरात लाखो बारीक खळग्या असतात आणि मूळपेशी त्यांच्या अगदी तळाशी. तिथं नव्या पेशी जन्मतात, वर सरकत जातात आणि चार-पाच दिवसांत झडून विष्ठेबरोबर निघून जातात. आता विचार करा : वरच्या पेशीच्या जनुकात बिघाड झाला तरी ती पेशीच आठवड्याभरात गेली, बिघाडही तिच्यासोबत गेला. कर्करोगाला एकामागून एक असे अनेक बिघाड साठावे लागतात, त्याला बहुधा दहा-दहा वर्षं लागतात. इतका काळ खळगीत ठाण मांडून बसते ती मूळपेशीच. आणि तिचा बिघाड तिच्या सगळ्या लेकीनातींत उतरतो.

2007 मध्ये नेदरलँड्समधल्या हान्स क्लेव्हर्स यांच्या गटाने या पेशींची एक खूण शोधली, एलजीआर-5 नावाची. 2009 मध्ये उंदरांच्या नेमक्या याच पेशींतलं एपीसी हे जनुक काढून टाकलं. पेशींच्या वाढीला लगाम घालणारं हे जनुक. काही आठवड्यांत गाठी धरल्या. वरच्या, झडून जाणाऱ्या पेशींतून तेच जनुक काढलं, तर वाढ बहुतेक जागच्या जागी थबकली.

इथं मला शेतातलं कुंदा हे तण आठवतं. काळ्या रानात वखराची पास वरवर फिरते, शेत साफ दिसतं, आणि पाऊस पडला की कुंदा पुन्हा हजर, कारण मूळ खाली शाबूत. औषधाने गाठ आकसते आणि पुढे परत वाढते, त्यामागचं एक कारण असंच सांगतात. पण दाखला इथंच थांबवा. कुंदा खणून काढला की निघतो. गाठीतल्या मूळपेशी मात्र 2017 मध्ये उंदरांत मुद्दाम मारून पाहिल्या, तेव्हा वाढ थांबली, पण मारणं थांबवताच उरलेल्या साध्या पेशींतल्या काही मूळपेशी होऊन बसल्या. म्हणजे 'मूळ' ही जात नव्हे, पाटीलकी आहे. एक पाटील गेला की दुसरा गादीवर. मूळ या शब्दातून हे कळत नाही, पण स्कंधातून तरी कुठं कळतं?

खरी अडचण वेगळीच आहे. 'मूळपेशी' ऐकून गावात हमखास मूळव्याध आठवणार. त्यातलं मूळ म्हणजे गुदाची जागा, या मूळपेशींशी संबंध नाही. शौचातून रक्त गेलं की 'मूळव्याध असंल' म्हणून महिनोन् महिने झाडपाला करणारे तुम्हीही पाहिले असतील, आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगातही रक्त जातं. तेव्हा हा शब्द वापरला की दोन्हींतला फरक त्याच दमात सांगावा लागेल.

मी ते वाक्य असं केलं असतं : 'आतड्याचं अस्तर ज्या पेशींपासून रोज नवं होतं, त्या मूळपेशींत बिघाड साठला की कर्करोगाची सुरुवात होऊ शकते. (मूळव्याध वेगळी.)' स्कंध भागवतात राहू द्या.

आणि 'पेशी' म्हटल्यावर आजोबांनी कोर्टातली तारीख विचारली, तर तो प्रश्न वेगळा पाठवा. ती पेशी फारसीतल्या 'पेश'ची, हिची कुणी नाही.