सेबनच्या अलाबामाने सगळ्यात जास्त कोणाला लोळवलं?

प्रश्न : सर, मी आणि माझा मावसभाऊ, दोघंही अलाबामाच्या कॉलेज फुटबॉलचे कट्टर फॅन, म्हणजे अमेरिकन फुटबॉल, हेल्मेट घालून खेळतात तो. निक सेबन तिथे २००७ ते २०२३ कोच होता, सहा नॅशनल चॅम्पियनशिप जिंकला, एकतर्फी मॅचेस तर ढिगाने. मी म्हणतो जानेवारी २०१३ची नोटर डेमविरुद्धची फायनल, ४२-१४. भाऊ म्हणतो २०१७ला व्हँडरबिल्टला ५९-० ने धुतलं ती, फरक बघ म्हणे. तुम्ही सांगाल ते दोघंही मान्य करू.

उत्तर : आधी भावाचं बघू. त्या मॅचला व्हँडरबिल्ट तीन मॅच जिंकून आली होती आणि अलाबामाने त्यांच्याच घरी ६७७ यार्ड काढले, म्हणजे बॉल एकूण तेवढा पुढे नेला, त्यांना दिले फक्त ७८. आकडे जबरदस्तच आहेत, पण व्हँडरबिल्ट ही अलाबामाच्याच कॉन्फरन्समधली (कॉलेजांच्या गटातली) वर्षानुवर्षं तळाशी असणारी टीम, तिला किती पॉइंटने हरवलं यावरून अलाबामाची खरी ताकद कळत नाही. मी नेहमी दोन गोष्टी बघतो, समोर कोण होतं आणि त्यांना काय करू दिलं नाही. स्कोअर त्यानंतर.

या हिशोबाने तुमची नोटर डेम बरीच वर येते. १२-० रेकॉर्ड, देशात नंबर एक, आणि अख्खा सीझन डिफेन्सच्या जोरावर काढलेला. पहिल्याच ड्राइव्हला (चढाईला) अलाबामाचा एडी लेसी २० यार्ड पळत टचडाऊन करून आला, म्हणजे बॉल घेऊन समोरच्यांची गोलरेषा पार केली, आणि तिथेच मॅचचा रंग दिसला, हाफटाइमला २८-०, मग ३५-०, तेव्हा कुठे नोटर डेमचं खातं उघडलं. मला त्या मॅचमधलं एक दृश्य कायम आठवतं. चौथा क्वार्टर, मॅच कधीच खिशात, प्ले क्लॉक (पुढचा प्ले सुरू करायची मुदत) संपत आलाय, आणि अलाबामाचा क्वार्टरबॅक (पास टाकणारा) एजे मॅकॅरन आणि सेंटर (स्नॅप करणारा, म्हणजे त्याला बॉल देऊन प्ले सुरू करणारा) बॅरेट जोन्स एकमेकांवर ओरडतायत, जोन्सने तर त्याला सरळ ढकललं! २८ पॉइंटने पुढे असलेली टीम एका स्नॅपसाठी आपापसात भांडतेय. सेबनने काय घडवलं होतं ते मला त्या एका धक्क्यात दिसतं, त्याच्या टीमचं स्कोअरबोर्डकडे लक्षच नसायचं, चालू प्ले नीट झाला पाहिजे एवढंच.

तरी माझं मत तुम्हा दोघांनाही नाही. माझं मत ९ जानेवारी २०१२ला, न्यू ऑर्लिन्सचं सुपरडोम, अलाबामा २१, एलएसयू (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) ०.

आता म्हणाल की २१ पॉइंट म्हणजे काय मोठं, त्यातही टचडाऊन एकच, बाकी सगळे फिल्ड गोल, लाथेने खांबांमधून मारायचे, तीन-तीन पॉइंटचे. बरोबर आहे, जेरेमी शेलीने पाच मारले आणि एकमेव टचडाऊन ट्रेंट रिचर्डसनचा, तोही शेवटी शेवटी. पण समोरची टीम बघा ना. एलएसयू १३-०, नंबर एक, ओरेगॉन आणि वेस्ट व्हर्जिनियासारख्या तगड्या टीमना हरवून आलेली, जॉर्जियाला कॉन्फरन्सच्या फायनलमध्ये ४२-१० ने झोपवलेलं, आणि मुख्य म्हणजे दोनच महिने आधी, ५ नोव्हेंबरला, याच अलाबामाला त्यांच्याच मैदानावर ओव्हरटाइममध्ये ९-६ ने हरवलेलं. त्या रात्री अलाबामाने चार फिल्ड गोल घालवले होते, ते शल्य होतंच. वरून फायनल लुइझियानातच, म्हणजे एलएसयूच्या अंगणात.

आणि त्या एलएसयूने पूर्ण मॅचमध्ये काढले ९२ यार्ड. मैदान १०० यार्डाचं असतं! साठ मिनिटं खेळून फर्स्ट डाऊन (चार डाऊनमध्ये, म्हणजे चार प्रयत्नांत, १० यार्ड गेलात की मिळतो तो) पाच, आणि मिडफिल्डची रेघ ओलांडली फक्त एकदा, तीही चौथ्या क्वार्टरमध्ये, आणि तो ड्राइव्हसुद्धा चौथ्या डाऊनला सॅक (क्वार्टरबॅकला पास टाकायच्या आधीच पाडणं) आणि फंबलवर (हातातून बॉल सुटण्यावर) संपला. तिसऱ्या क्वार्टरमधला एलएसयूचा क्वार्टरबॅक जॉर्डन जेफर्सनचा तो इंटरसेप्शन (पास समोरच्या टीमने पकडणं) मी कितीदा पाहिला असेन, अंगावर माणसं येतायत म्हणून त्याने बॉल जवळच्या जवळ टाकला, ज्याच्यासाठी टाकला त्याचं लक्षच नव्हतं, आणि अलाबामाच्या सीजे मोझ्लीने तो आरामात उचलला. ज्या माणसाच्या टीमने नोव्हेंबरमध्ये हेच डिफेन्स पचवलं होतं तो जानेवारीत असा गोंधळला, याला म्हणतात समोरच्याला नांगी टाकायला लावणं.

अजून एक गोष्ट लोक विसरतात. एलएसयूची सगळी तयारी रिचर्डसनला पळू द्यायचं नाही अशीच असणार हे उघड होतं, म्हणून अलाबामाने या वेळी पहिल्या डाऊनलाच मॅकॅरनला पास टाकायला लावले. २३४ यार्ड, एकही इंटरसेप्शन नाही. हरलेली मॅच घरी नेऊन कोचने तिची शिवण न् शिवण उसवली आणि तीच टीम समोर आल्यावर तिला शून्यावर बसवलं. माझ्या लेखी याच्यावर काही नाही.

तेव्हा तुम्ही दुसऱ्या नंबरवर, भावाला सांगा त्याची मॅच पहिल्या दहातही नाही माझ्या.

प्रश्न : २००९ची फ्लोरिडाची मॅच कशी काय विसरता सगळे? त्यांचा क्वार्टरबॅक टिम टिबो रडला होता!

उत्तर : विसरलो नाही हो. दोघंही १२-०, अटलांटात कॉन्फरन्स फायनल, आधीच्या वर्षी तिथेच फ्लोरिडाने ३१-२० ने हरवलेलं, आणि या वेळी ३२-१३. मार्क इंग्रॅमचे तीन टचडाऊन, आठवड्याभरात त्याला हाइझमन (कॉलेज फुटबॉलच्या सर्वोत्तम खेळाडूची ट्रॉफी) मिळाली, अलाबामाच्या इतिहासातली पहिली. महत्त्वाच्या दृष्टीने विचाराल तर सेबनचा सगळ्यात मोठा विजय हाच, सगळं पर्व इथून सुरू झालं. पण पहिल्या हाफमध्ये फ्लोरिडा टक्कर देत होती, म्हणून एकतर्फीच्या यादीत मी तिला चौथी धरतो. तिसरी २०१५च्या शेवटच्या दिवशीची सेमीफायनल, मिशिगन स्टेटवर ३८-०. सेबन स्वतः १९९५ ते १९९९ तिथे कोच होता आणि समोरचा कोच मार्क डँटोनिओ तेव्हा त्याच्याच हाताखाली होता, तरी गुरूने दया दाखवली नाही.

प्रश्न : आणि २०२०ची टीम? तीच बेस्ट ना?

उत्तर : टीम म्हणून हो, १३-०, वाद नाही. फायनलला ओहायो स्टेटवर ५२-२४, डेव्होंटा स्मिथने एकट्याने १२ कॅच, २१५ यार्ड, तीन टचडाऊन, तेही पहिल्या हाफमध्येच, नंतर बोटाला लागलं म्हणून तो बाहेर बसला. पण २४ पॉइंट दिले ना. एलएसयूला शून्य दिला होता.