बजीच्या दहा जोड्या आणि घरातला राखीव निधी

तुमचं पत्र आणि सोबतचा हिशेबाचा कागद, दोन्ही नीट वाचले. घरी बजीची, म्हणजे बजरीगर या छोट्या पोपटाची, एक जोडी आहे. तिने दोनदा पिल्लं काढली, त्यातली काही ओळखीत गेली आणि चार अजून घरात आहेत. मुलाला त्यांचा लळा लागलाय. आता आणखी दहा जोड्या आणून पिल्लं विकायची, त्यासाठी सहा महिन्यांच्या घरखर्चाइतका जो राखीव निधी बाजूला आहे त्यातला अर्धा वापरायचा, आणि दीड वर्षात तो भरून काढायचा असं तुम्ही ठरवताय. तुमचा पगार ठरलेला आहे, मिस्टरांच्या धंद्याचं उत्पन्न मात्र महिन्यागणिक कमी-जास्त होतं. सासूबाईंना दमा आहे. एवढ्यावरून माझं उत्तर सांगते: राखीव निधीला हात लावू नका, आणि दहा जोड्याही नकोत.

कारणं सांगायला तुमचाच कागद घेते. तुम्ही लिहिलंय, दहा जोड्या, वर्षाला तीन विणी, प्रत्येक विणीत सहा पिल्लं, म्हणजे १८०. दुकानात एक पक्षी ज्या भावाला मिळतो तो १०० धरू, म्हणजे रकमेत न अडकता बोलता येईल. तुमच्या हिशेबाने वर्षाची विक्री १८,००० होते आणि उभारणीचा खर्च साधारण २७,०००. म्हणून दीड वर्ष. गुणाकार बरोबर आहे, पण त्यातला प्रत्येक आकडा चांगल्यात चांगल्या दिवसाचा आहे.

बजी एका विणीत साधारण चार ते सहा अंडी घालते हे खरं. पण ती एका दिवसाआड घालते आणि बहुधा पहिल्या-दुसऱ्या अंड्यापासूनच उबवायला बसते. प्रत्येक अंडं १८ दिवसांनी फुटतं. म्हणजे सहा अंडी असतील तर थोरल्या आणि धाकट्या पिल्लात आठ-दहा दिवसांचं अंतर पडतं. त्या वयात आठ दिवस फार मोठे असतात. शेवटचं पिल्लू थोरल्यांच्या खाली दबतं किंवा उपाशी राहतं. काही अंडी फळतच नाहीत, पहिलटकरणीची तर बऱ्याचदा. म्हणून हिशेबाला मी दर विणीमागे तीन पिल्लं धरते. विणी वर्षाला दोनच. त्याहून जास्त घेतल्या की मादीच्या अंगातला कॅल्शियम ओसरतो, अंडं आत अडकतं आणि वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर ती जाते. दहापैकी दहा जोड्या जुळतीलच असंही नाही. दोन पक्षी एका पिंजऱ्यात ठेवले म्हणजे जोडी झाली असं होत नाही, त्यांचं एकमेकांशी पटावं लागतं. सात जोड्या धरू.

सात जोड्या, दोन विणी, तीन पिल्लं: ४२.

आता भाव. आपण जो १०० धरला, तो दुकानदार गिऱ्हाइकाला लावतो तो भाव आहे. तुम्ही दुकानदाराला विकणार. त्याला पुढे तो पक्षी पोसायचाय, त्यातले काही मरणार, वर त्याचा नफा. त्याने निम्मा भाव दिला तरी बरा म्हणायचा. ४२ पिल्लं पन्नासच्या भावाने गेली तर वर्षाला २,१०० हातात येतात. तुमच्या १८,००० च्या जागी. खाणं, औषध, मेलेल्या पक्ष्याच्या जागी नवा पक्षी, काहीही वजा न करता २७,००० वसूल व्हायला जवळपास तेरा वर्षं लागतील. आणि मादी चारेक वर्षांची झाली की तिला विणीतून मोकळी करायची असते. तेव्हा हे पैसे परत येणार नाहीत, असंच मला स्पष्ट सांगावं लागेल.

माझे आकडे तुम्हाला जास्तच कंजूष वाटत असतील तर ते बदलून बघा. दर विणीला चार पिल्लं धरा, नऊ जोड्या जुळल्या असं धरा. ७२ पिल्लं होतील, ३,६०० येतील. तरीही साडेसात वर्षं. पण त्याआधी एक काम करा: दोन-तीन पक्षीविक्रेत्यांकडे जा आणि ते तुमच्याकडून पिल्लू कितीला घेतील, एका वेळी किती घेतील, एवढंच विचारा. ज्या धंद्यात विकत घेणारा सापडण्याआधी माल तयार होतो, तिथे भाव नेहमी घेणारा ठरवतो.

बजीच्या बाबतीत हे फार ठळकपणे दिसतं, कारण हा पक्षी पिंजऱ्यात सहज वाढतो. १८४० मध्ये जॉन गूल्डने ऑस्ट्रेलियातून जिवंत बजी इंग्लंडला नेले आणि काही दशकांतच ते युरोपात घरोघरी वाढू लागले. आज जगभर विकले जाणारे बजी जवळपास सगळे पाळीव पैदाशीचेच आहेत. तुमचं गिऱ्हाईक आज जोडी घेतं, पुढच्या वर्षी तेच विकायला उभं राहतं. तुम्ही स्वतःसुद्धा याच वाटेने इथवर आलात.

दुर्मीळ रंगांना जास्त भाव मिळेल हा तुमचा मुद्दा मी बाजूला टाकलेला नाही. मिळतो, पण टिकत नाही. १९२० च्या दशकात जपानमध्ये निळ्या बजीची मोठी लाट आली होती. युरोपातले पाळणारे तिकडे पक्षी पाठवत होते, भाव अफाट चढले. मग सगळीकडेच निळे पक्षी निपजू लागले आणि ते दशक संपायच्या आत बाजार बसला. आज निळा बजी सर्वात साध्या रंगांपैकी एक आहे. शिवाय रंगासाठी जोड्यांचं मूळ माहीत असावं लागतं. निळा रंग दबून राहणारा आहे. दोन्ही हिरवे पक्षी निळ्याचे स्प्लिट, म्हणजे अंगात निळा रंग लपलेले, असतील तरच पिल्लांत साधारण चारातलं एक निळं निघतं. स्प्लिट आहे की नाही हे पक्ष्याकडे बघून कळत नाही. विकणाऱ्याच्या शब्दावर जादा पैसे मोजायचे आणि पिल्लं निघेपर्यंत वाट बघायची, ही जोखीम राखीव निधीतल्या पैशाने घ्यायची नसते.

खर्च वाचवण्याच्या तुमच्या दोन युक्त्या आहेत, त्यांनी तर नुकसानच होईल. पहिली, घरातल्या चार पिल्लांच्याच जोड्या लावायच्या. ती सख्खी भावंडं आहेत. त्यांची पिल्लं अशक्त निघण्याचा, अंडी न फळण्याचा धोका वाढतो, आणि जाणकार गिऱ्हाईक असा पक्षी घेत नाही. दुसरी युक्ती, एकाच मोठ्या पिंजऱ्यात सगळ्या जोड्या. घरट्याच्या पेटीवरून बजीच्या माद्या एकमेकींवर तुटून पडतात, दुसरीची अंडी फोडतात, पिल्लं मारतात. म्हणून जोडीगणिक वेगळा पिंजरा लागतो. म्हणजे उभारणीचा तुमचा आकडासुद्धा कमीच आहे.

बाहेरून पक्षी आणायचे तर ते आल्याबरोबर बाकीच्यांत सोडता येत नाहीत. निदान महिनाभर वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांत ठेवायचे. तुमच्याकडे रिकामी खोली एकच आहे आणि ती सासूबाईंच्या खोलीला लागून. इथे मला पैशाच्या पलीकडचं बोलायला हवं. वीस मोठे पक्षी आणि त्यांची पिल्लं म्हणजे पिसांची, वाळलेल्या विष्ठेची धूळ रोज हवेत. दम्याच्या माणसाला ती सोसत नाही, आणि वर्षानुवर्षं अशा धुळीत राहिल्याने धडधाकट माणसाच्या फुप्फुसांनाही कायमची इजा होऊ शकते. सिटॅकोसिस हा पक्ष्यांचा जिवाणूजन्य आजार माणसाला होतो, त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो, आणि तो वरून निरोगी दिसणाऱ्या पक्ष्याकडूनही येतो. एका जोडीत हा धोका कमी असतो, पण सासूबाईंच्या डॉक्टरांना घरात पक्षी आहेत हे आजच सांगून ठेवा. खोकला-ताप आला की ही माहिती त्यांच्या फार कामाची असते. खर्चाच्या भाषेत बोलायचं तर त्यांचं एक आजारपण या उद्योगाची कित्येक वर्षांची कमाई घेऊन जाईल, आणि नेमका त्याच वेळी राखीव निधी अर्धा झालेला असेल.

राखीव निधीबद्दल मी एवढी ठाम का आहे? दोन्ही उत्पन्नं पक्की असलेल्या घराला तीन महिन्यांचा खर्च बाजूला असला तरी भागतं. तुमच्या घरात एक उत्पन्न हलतं. सहा महिने ही तुमच्यासाठी चैन नाही, तेवढं हवंच आहे. आणि पिंजऱ्यांत गुंतलेला पैसा गरजेच्या दिवशी बाहेर काढता येत नाही. वापरलेले पिंजरे मिळेल त्या भावाला जातात आणि पक्षी कुणाच्या तरी दारात नेऊन ठेवावे लागतात. तोवर त्यांना रोज खायला तर घालावंच लागतं.

तुमच्या कागदावर वेळेचा रकाना नव्हता, तो मी घातला. दहा जोड्यांचं पाणी बदलणं, टरफलं फुंकून दाणे भरणं, पालेभाजी धुऊन घालणं आणि उरलेली काढणं, तळाचे कागद, आठवड्याची घासपूस, पेट्या तपासणं. दिवसाला दीड तास धरलाय, तो जास्त नाही. वर्षाचे साडेपाचशे तास होतात. ४२ पिल्लांत वाटले तर एका पिल्लामागे तेरा तास. तुमच्या नोकरीतला एका तासाचा पगार काढा, तेराने गुणा आणि तो आकडा पिल्लाच्या घाऊक भावाशेजारी लिहा. सुट्टीच्या दिवशीही हे तास चुकत नाहीत. दाण्यांचंही तसंच. एक बजी दिवसाला आठ ग्रॅम दाणे खातो असं धरलं तर वीस पक्ष्यांना वर्षाला ५८ किलो लागतात. पिल्लं विकली जाईपर्यंत त्यांचं धरलं तर पाऊणशेच्या पुढे. आणि ती लगेच विकली जात नाहीत. नर-मादी चोचीवरच्या नाकपट्टीच्या रंगावरून ओळखतात, पण लहान पिल्लांची नाकपट्टी सारखीच गुलाबी-जांभळट असते. खात्रीने सांगायला तीन-चार महिने जावे लागतात, आणि जोडी मागणारं गिऱ्हाईक तोवर थांबायला सांगतं.

आता जे आहे त्याबद्दल. घरातली जोडी ठेवा, मनापासून ठेवा. मुलाला मिळणारा आनंद हा खर्चाचा पूर्ण मोबदला आहे, तो नफ्यात बसवायची गरज नाही. फक्त तिला घरखर्चात स्वतःची ओळ द्या. बजी चांगला सांभाळला तर पाच ते दहा वर्षं जगतो, म्हणजे मुलगा शाळा संपवेपर्यंत ही ओळ वहीत राहणार. दाणे आणि कटलबोन (कॅल्शियमसाठी चोचीने कुरतडायला देतात तो समुद्रफेस) हा त्यातला छोटा भाग. नुसत्या दाण्यांवर ठेवलेल्या पक्ष्यात अ जीवनसत्त्व आणि आयोडीन कमी पडतं, म्हणून रोजची हिरवी पालेभाजी आणि जमल्यास पेलेट (पक्ष्यांसाठीच्या तयार खाद्याच्या गोळ्या) यांचा खर्च आधीच धरा. तो पुढच्या औषधांपेक्षा खूपच स्वस्त पडतो.

मोठा भाग डॉक्टरांचा. पक्षी तपासणारे डॉक्टर जवळ कोण आहेत आणि ते किती घेतात, हे पक्षी ठणठणीत असताना विचारून ठेवा. एका तपासणीचा आणि औषधाचा खर्च बहुतेक वेळा पक्ष्याच्या किमतीच्या पुढे जातो. अशा वेळी चांगली माणसंही घुटमळतात, "एवढ्यात तर नवी जोडी येईल" असं कुणीतरी म्हणतं, दोन दिवस जातात. बजी आजार लपवतो, आणि तो पिसं फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसलेला दिसतो तेव्हा दोन दिवस त्याच्याकडे बहुधा नसतात. म्हणून किती खर्च करायचा हे तुम्ही दोघांनी आजच बोलून ठरवा, मुलालाही सांगा, आणि दोन तपासण्यांइतकी रक्कम वेगळी ठेवा. ती राखीव निधीत मिसळू नका. हवाच असेल तर एकच जास्तीचा खर्च सुचवते: ग्रॅममध्ये मोजणारा छोटा काटा. बजीचं वजन तीस-चाळीस ग्रॅम. त्यातले तीन-चार ग्रॅम उतरले तर डोळ्यांना दिसत नाहीत, काट्यावर दिसतात, आणि तेवढ्यावर डॉक्टरांकडे निघायचं असतं.

जोडीच्या पिंजऱ्यातली घरट्याची पेटी काढून टाका. पेटी नसली की बजी सहसा विणीला बसत नाही. ती तशीच राहिली तर वर्षभरात तुम्ही न ठरवताच पक्षी दुप्पट होतील आणि खर्चही.

पैदास करून बघायचीच असेल तर तीही करा, पण वर्षभराने. तोवर दर महिन्याच्या शिलकीतून, राखीव निधी आणि मुलाच्या शिक्षणाची रक्कम भरून झाल्यावर जे उरेल त्यातून, वेगळे पैसे साठवा. त्यात दोन जोड्या बसतील तर दोनच आणा, वेगवेगळ्या घरांतल्या, आणि त्यांच्यासाठी सासूबाईंच्या खोलीपासून लांबची जागा नसेल तर तेव्हाही थांबा. वर्षाची जमाखर्चाची वही लिहा, त्यात तुमचे तासही मांडा. तिसरी जोडी त्या वहीत दिसलेल्या पैशांतूनच यावी.

राहिला शेवटचा प्रश्न, चार पिल्लं विकू की ठेवू. मुलाला त्यातलं एखादं हवंच असेल तर दोन ठेवा, एकटा बजी कुढतो. पण नर-मादी ओळखू येईपर्यंत थांबून दोन्ही नरच ठेवा. उरलेली दोन त्यानंतरच एकाच घरी द्या. घेणाऱ्याला ती भावंडं आहेत हे सांगा. त्यांचे जे पैसे येतील ते सरळ डॉक्टरांसाठी ठेवलेल्या रकमेत टाका.