वास आला की वारा टँकरकडे जाईल अशा बाजूला पळा

प्रश्न : आमचं हायवेवर चहाचं हॉटेल आहे. गेल्या महिन्यात पुढच्या वळणावर टँकर कलंडला. थिनरसारखा उग्र वास सुटला. फुकटचं डिझेल समजून माणसं कॅन घेऊन धावली, त्यात माझा पुतण्याही होता. आग लागली नाही, नशीब. अशा वेळी आम्ही काय करावं? वाळू टाकावी, की पाणी मारावं?
– एक वाचक, रायगड जिल्हा

उत्तर : दादा, वाळूही नको आणि पाणीही नको. वास येताच आधी तुमची शेगडी बंद करा, गिऱ्हाइकांच्या हातातल्या विड्या-सिगारेटी विझवायला लावा आणि सगळ्यांना घेऊन निघा. वास आत कोंडला असेल तर दिव्याच्या बटणाला हात लावू नका, गाडीही सुरू करू नका, चालतच जा.

शेगडीचं आधी सांगतो, कारण ते मी डोळ्यांनी पाहिलंय. एकतीस वर्षं मी केमिकल कारखान्यांत आग विझवायचं काम केलं. एका ठिकाणी टोल्युईनचा, म्हणजे थिनरमध्ये वापरतात त्या रसायनाचा, ड्रम गळत होता. आम्ही चौघं ड्रमपाशी उभे, आणि आग आली ती आमच्या पाठीमागून. तीसेक पावलांवर, गटाराच्या कडेला वॉचमन स्टोव्हवर चहा उकळत होता. तिथून एक पिवळी रेघ गटारातून सरसरत ड्रमकडे आली. आम्ही उड्या मारल्या म्हणून वाचलो. वॉचमनचे दोन्ही हात भाजले. आजही कुठे स्टोव्हचा आवाज आला की माझं लक्ष आधी गटाराकडे जातं.

टोल्युईनची वाफ हवेच्या तिप्पट जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत उताराने, गटारातून सरकत राहते. ४ अंश सेल्सिअसलाही पेट घेण्याइतकी वाफ सुटते, मग आपल्या कोकणातल्या उन्हात काय होत असेल! म्हणून पळायचं ते वारा टँकरकडे जाईल अशा बाजूला आणि चढाकडे. धूळ उडवून किंवा झाडाचा शेंडा बघून वारा ओळखा. आग नसली तरी वारा टँकरकडून जिकडे वाहतोय त्या बाजूला निदान ३०० मीटरपर्यंत कुणी थांबू नये. टँकरच पेटला असेल तर चहूबाजूंनी ८०० मीटर. व्हिडिओ काढायला थांबणाऱ्याला हाताला धरून ओढा.

पाण्याने टोल्युईन विझत नाही, ते पाण्यावर तरंगतं आणि पेटतंच पुढे वाहतं. मिथेनॉल म्हणजे विषारी अल्कोहोल, त्याची तऱ्हा वेगळी. ते पाण्यात मिसळतं, पण त्याची ज्वाळा भर दुपारी जवळजवळ दिसत नाही. १३ जून २०२३ला मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर लोणावळ्याजवळ मिथेनॉलचा टँकर उलटून पेटला. पेटतं मिथेनॉल पुलावरून खालच्या रस्त्यावर पडलं आणि खालून जाणारी माणसं होरपळून गेली. त्यांचा त्या टँकरशी काहीही संबंध नव्हता.

टँकरच्या बाजूंना आणि मागे एक पाटी असते, तिच्यावर चार आकडी नंबर असतो. १२९४ म्हणजे टोल्युईन, १२३० म्हणजे मिथेनॉल. लांबून दिसला तर टिपून घ्या. नाही दिसला तर राहू दे, त्यासाठी जवळ जायचं नाही. लांब गेल्यावर ११२ किंवा १०१ला फोन करा आणि जागेबरोबर हा नंबरही सांगा. बंबाबरोबर कुठला फोम, म्हणजे आग विझवायचा फेस, न्यायचा हे त्यांना त्यावरून ठरवता येतं. मिथेनॉलवर साधा फोम टिकत नाही.

आता पुतण्याचं. त्याने भरलेला कॅन घरात असेल तर तो आजच काढा. उघडायचा नाही, मोरीत ओतायचा नाही, मोटारसायकलवरून न्यायचा नाही. घरापासून, चुलीपासून लांब, मोकळ्या सावलीत ठेवा आणि जवळच्या फायर स्टेशनला कळवा. आणि दारूसारखा वास येतो म्हणून कुणी चाखायला गेलं तर हातातून हिसकावून घ्या. मिथेनॉल असेल तर घोटभरानेही डोळे जातात, जीवही जातो. कुणाच्या पोटात गेलंच असेल, तर त्रास व्हायची वाट बघू नका, लगेच सरकारी दवाखान्यात न्या आणि काय प्यायलाय ते स्पष्ट सांगा.