वाचकांचे प्रश्न : ड्रॅगनच्या राज्यात गादी कोणाची?

प्रश्न (एक वाचक भगिनी, होटगी रस्ता, सोलापूर) : मी ड्रॅगनांच्या काल्पनिक जगातील एका राजघराण्यावर कादंबरी लिहीत आहे. राजाला मुलगा नाही. त्याची मुलगी आहे, भावाचा मुलगा आहे आणि रणांगणावरून उचलून आणून वाढवलेला एक पोरका मुलगा आहे. राजाने भर दरबारात मुलीला वारस ठरवून सरदारांकडून शपथा घेतल्या आहेत. राजा वारतो त्या रात्री राज्यातील सर्वांत मोठा ड्रॅगन मात्र त्या पोरक्या मुलापुढे मान झुकवतो. सिद्धेश्वर तलावाजवळ आमचा वाचकगट जमतो, तिथे या प्रसंगावर तीन आठवडे वाद चालला. गादी कोणाची?

उत्तर : आपल्या एका प्रश्नात दोन प्रश्न आहेत. गादीवर हक्क कोणाचा, हा पहिला आणि गादी कोणाच्या हाती जाईल, हा दुसरा. तीन आठवडे वाद मिटला नाही याचे कारण, माझ्या मते, असे की आपण तिन्ही दावेदारांचे स्वभाव तपशिलाने लिहून पाठवले आहेत, पण त्या राज्याचा वारसाहक्काचा नियम कुठेच सांगितलेला नाही. थोरले अपत्य मग ते मुलगा असो वा मुलगी, घराण्यातील जवळचा पुरुष, राजा ठरवील तो, की सरदारांची सभा निवडील तो, यांपैकी काय चालत आले आहे हे वाचकाला आधी कळले पाहिजे. नियम कळेपर्यंत कोणावर अन्याय झाला आणि कोणी गादी बळकावली हे ठरवताच येत नाही.

शपथांचे म्हणाल तर इंग्लंडचा पहिला हेन्री आठवावा. त्याचा एकुलता औरस मुलगा ११२० मध्ये जहाज बुडून गेला, तेव्हा त्याने मुलगी मटिल्डा हिला वारस ठरवले आणि बड्या सरदारांकडून शपथा घेतल्या. शपथ घेणाऱ्यांत त्याचा भाचा स्टीफन हाही होता. १ डिसेंबर ११३५ रोजी हेन्री वारला, त्या वेळी मटिल्डा समुद्रापलीकडे फ्रान्समध्ये होती. स्टीफन तातडीने इंग्लंडला पोहोचला, लंडनकरांनी त्याला उचलून धरले, विंचेस्टरला त्याचा सख्खा भाऊ बिशप होता आणि राजाचा खजिनाही तिथेच होता. २२ डिसेंबरला, म्हणजे अवघ्या तीन आठवड्यांत, त्याच्या डोक्यावर मुकुट चढला. शपथेचे काय, तर राजाने मरणशय्येवर विचार बदलला होता, असे शपथेवर सांगणारा एक सरदारही पुढे आला. मटिल्डाला राज्याभिषेक कधीच झाला नाही. पुढची लढाई ११५३ च्या तहापर्यंत चालली, आणि त्या तहात स्टीफनने मटिल्डाच्याच मुलाला आपला वारस म्हणून मान्य केले.

आपल्या कादंबरीत म्हणूनच राजा वारला त्या रात्री कोण कुठे होते, याचा नकाशा काढून समोर ठेवावा. मुलगी राजधानीपासून किती दिवसांच्या वाटेवर आहे, खजिन्याच्या किल्ल्या कोणाच्या कमरेला आहेत आणि राजाच्या मृत्यूची बातमी दाराआड किती काळ दाबून ठेवता येते, हे ठरले की अर्धी कादंबरी आपोआप उभी राहील.

आपल्या घरचेच उदाहरण पाहावे. ३ एप्रिल १६८० रोजी रायगडावर शिवाजी महाराजांचे निधन झाले, तेव्हा थोरले पुत्र संभाजीराजे पन्हाळ्यावर होते. रायगडावरील मंत्र्यांनी त्याच महिन्यात दहा वर्षांच्या राजारामांना मंचकारोहण करविले. खजिना, राजधानी, मंत्रिमंडळ असे सर्व काही त्या बाजूला होते. तरीही पारडे फिरले ते सेनापती हंबीरराव मोहिते यांच्यामुळे. ते सोयराबाईंचे सख्खे भाऊ, म्हणजे राजारामांचे मामा. त्यांनी भाच्याऐवजी थोरल्या राजपुत्राची बाजू घेतली, आणि १६ जानेवारी १६८१ रोजी संभाजीराजांचा राज्याभिषेक झाला.

आपला ड्रॅगन हा त्या राज्याचा हंबीरराव आहे. फरक इतकाच, आणि तो फार मोठा आहे, की सेनापतीला आपण असे का केले हे सांगता येते, ड्रॅगनला सांगता येत नाही. त्याने मान झुकवली याचा अर्थ माणसे लावणार, आणि प्रत्येक जण आपल्या सोयीने लावणार. म्हणून ड्रॅगन कोणाला वश होतो याचा नियम आपण स्वतःशी पक्का करावा. तो फक्त राजरक्त ओळखत असेल, तर झुकलेली मान हा पुरावा ठरतो, आणि मग तो पोरका मुलगा खरोखर कोणाचा, हा प्रश्न राजवाड्यात वणव्यासारखा पसरेल. तो मुलगा रोज पहाटे तबेल्यात जाऊन त्याला मांस घालत होता म्हणून ड्रॅगनने मान झुकवली असेल, तर ते केवळ बळ आहे, हक्क नव्हे. मला स्वतःला दुसरा पर्याय अधिक आवडतो, कारण त्यात खरे कारण फक्त मुलाला ठाऊक असते आणि बाकी दरबार त्याला दैवी कौल समजून बसतो.

रणांगणावरून आणलेला मुलगा आपण कुठून घेतला हे आपण लिहिलेले नाही, पण सोलापूरकराला त्यासाठी लांब जायला नको. १७०७ मध्ये मोगलांच्या कैदेतून सुटून येताना शाहू महाराजांची पारद गावी चकमक झाली, तीत गावचे पाटील सयाजी लोखंडे मारले गेले. त्यांच्या पत्नीने आपले लहान मूल महाराजांच्या पालखीत घातले आणि अभय मागितले. पहिल्याच लढाईत फत्ते झाली म्हणून महाराजांनी मुलाचे नाव फत्तेसिंह ठेवले, भोसले हे आडनाव दिले आणि मुलासारखे वाढवले. आपल्यापासून सुमारे ४० किलोमीटरवर असलेल्या अक्कलकोटचे राजघराणे त्यांचेच. तिथले शस्त्रागार मी दोनदा पाहिले आहे, आणि दोन्ही वेळा त्या तलवारींच्या रांगांपुढे उभा असताना मला पालखीत टेकवलेले ते पोरच आठवले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, शाहू महाराजांना पुत्र नसतानाही साताऱ्याची गादी फत्तेसिंहांकडे गेली नाही. त्यांना जहागीर मिळाली. गादीसाठी ताराबाईंनी आपला नातू म्हणून पुढे केलेले रामराजे आणले गेले, आणि पुढे १७५० मध्ये त्याच ताराबाईंनी त्यांना साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद करून हा माझा नातूच नव्हे, असे सांगितले. माया, मानमरातब आणि गादी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. आपला राजा त्या मुलावर जीव टाकत होता हे उत्तम, पण दत्तविधान झाले होते का, हे एका वाक्यात तरी सांगावे.

आता माझे मत. राजाचा शब्द चालतो असा नियम असेल तर हक्क मुलीचा आहे. त्या रात्री गादी मात्र पुतण्याला मिळावी, कारण तिघांत तोच दुर्लक्षित आहे आणि तोच राजवाड्यात हजर असण्याचा संभव अधिक.

प्रश्न (एक महाविद्यालयीन वाचक, सोलापूर) : मुलगी वारस ठरल्यावर राजाला मुलगा झाला, तर तिचे पद जाते का?

उत्तर : नियमावर अवलंबून आहे, आणि नियम उलटा फिरल्याचेही उदाहरण आहे. स्वीडनमध्ये राजकन्या व्हिक्टोरिया हिच्या पाठीवर १९७९ मध्ये भाऊ झाला आणि पुरुष वारस म्हणून युवराजपद त्याला मिळाले. १ जानेवारी १९८० पासून थोरले अपत्य हाच वारस असा कायदा लागू झाला आणि जेमतेम साडेसात महिन्यांच्या त्या बाळाचे पद बहिणीकडे आले.

प्रश्न (त्याच वाचकाचा) : अशा राजकन्येला मराठीत काय म्हणावे?

उत्तर : ‘युवराज्ञी’ म्हणावे. हा शब्द युवराजाच्या पत्नीसाठीही वापरला जातो, त्यामुळे पहिल्या उल्लेखात ‘गादीची वारस’ असे जोडून लिहावे, म्हणजे घोटाळा होणार नाही.