वर्तुळातला माणूस आणि पोथीबाहेरचा चित्रकार

प्रश्न : मी चित्रकलेचा निवृत्त शिक्षक असून चतुर्थीच्या आधीचे दोन महिने आमच्या गावच्या गणपतीच्या शाळेत रंगकामाला बसतो. तेथे एका मुलाने लिओनार्दो दा विंचीचे वर्तुळात आणि चौरसात उभ्या असलेल्या माणसाचे चित्र भिंतीला लावले आहे. प्रबोधनकाळातील मानवतावादावर लिओनार्दोचा मोठा प्रभाव पडला, असे वाचनात येते. तो नेमका कोणता?
– एक वाचक, कुडाळ

उत्तर : ‘प्रभाव’ हा शब्द येथे जरा जपूनच वापरावा लागेल. १४५२ साली लिओनार्दो जन्मला, तेव्हा इटलीत मानवतावाद चांगला रुजलेला होता. मराठीत मानवतावाद म्हटले की करुणा आणि समता आठवतात. तिथे मात्र तो व्याकरण, वक्तृत्व, काव्य, इतिहास आणि नीतिशास्त्र यांचा, प्राचीन लॅटिन-ग्रीक ग्रंथांच्या आधारे करायचा अभ्यास होता. नोटरीचा अनौरस मुलगा असलेल्या लिओनार्दोला हे शिक्षण मिळाले नाही. तो फ्लॉरेन्समध्ये वेरोक्क्यो या चित्रकार-शिल्पकाराच्या हाताखाली काम शिकला आणि पस्तिशी उलटल्यावर लॅटिन शब्दांच्या याद्या वहीत उतरवत बसला. आपण ग्रंथपंडित नाही, हे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. मात्र पंडित दुसऱ्यांच्या कष्टावर मिरवतात आणि आपला गुरू अनुभव आहे, असे सुनावायलाही तो विसरला नाही.

आपल्या भिंतीवरचे चित्र सुमारे १४९० मधले. त्याचा आधार रोमन वास्तुशास्त्रज्ञ विट्रुव्हियस, म्हणजे मानवतावाद्यांनी डोक्यावर घेतलेला ग्रंथकार. आपल्याकडे शिल्पशास्त्रात नवतालाची मूर्ती (एक ताल म्हणजे बारा अंगुळे) १०८ अंगुळांची धरतात, तसाच हा मापांचा विचार आहे. विट्रुव्हियसने पाऊल उंचीच्या सहाव्या भागाइतके सांगितले, लिओनार्दोने ते सातवा भाग केले. शिवाय वर्तुळाचा मध्य बेंबीपाशी ठेवूनही चौरसाचा मध्य त्याने खाली सरकवला, त्यामुळे दोन्ही आकृत्या ओढाताण न होता एकाच देहावर बसल्या. जुन्या ग्रंथाचा मान राखायचा, पण माप शरीरावर लावून पाहायचे, ही माझ्या मते त्याची खरी भर होय.

ती भर सर्वांत स्पष्ट दिसते ती फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नुओव्हा रुग्णालयात. १५०७-०८ च्या हिवाळ्यात तेथे त्याला एक म्हातारा भेटला. आपली शंभरी उलटली आहे आणि अशक्तपणाखेरीज काही दुखत-खुपत नाही, असे तो सांगत होता. थोड्याच वेळात खाटेवर बसल्या बसल्या, कसलीही तडफड न होता, तो गेला. इतका शांत मृत्यू कशाने आला हे पाहण्यासाठी लिओनार्दोने त्या देहाचे विच्छेदन केले आणि वाळलेल्या, आकसलेल्या रक्तवाहिन्यांची नोंद केली. मानवतावादी माणसाच्या थोरवीवर व्याख्याने रचत होते. हा त्या माणसाशी गप्पा मारून मग त्याच्या धमन्या तपासत होता. पुढे हृदयाच्या झडपेपाशी रक्त कसे फिरते ते कळावे म्हणून काचेचा साचा करून त्यात गवताचे बी मिसळलेले पाणी सोडण्याची योजनाही त्याने लिहून ठेवली. ओहोटीच्या वेळी खाडीच्या मुखाशी भोवऱ्यात फिरणारा काडीकचरा आपण पाहिला असेल. त्याला पाहायचे होते ते तेच, फक्त छातीच्या आत.

हे सारे समकालीनांपर्यंत फारसे पोहोचले नाही. १५१९ मध्ये लिओनार्दो वारला, वह्या शिष्य मेल्त्सीकडे गेल्या. चित्रकलेवरचे त्याचे लेखन छापले गेले १६५१ मध्ये, तर शरीररचनेवरचा व्हेसालियसचा ग्रंथ १५४३ मध्येच आला होता. हयातीत छापून लोकांपुढे आले ते मुख्यतः गणितज्ञ लुका पाचोलीच्या १५०९ च्या ग्रंथासाठी काढलेल्या घनाकृती. म्हणून त्याने मानवतावाद घडवला म्हणण्यापेक्षा, मानवतावाद पोथीबाहेर काय करू शकला असता, हे त्याच्या वह्यांत दिसते, असे म्हणणे मला अधिक योग्य वाटते.

शाळेतल्या त्या मुलाच्या हाती एकदा सुतळी द्यावी. पसरलेल्या हातांची लांबी आणि उंची जवळपास सारखी येईल. पाऊल मात्र बहुतेकांचे विट्रुव्हियसच्या सहाव्या आणि लिओनार्दोच्या सातव्या भागाच्या मध्येच कुठेतरी भरेल.