पाण्यात विरघळणाऱ्या पीव्हीएचं जाळं पाण्यात टिकतं कसं?

प्रश्न: पीव्हीए म्हणजे पॉलिव्हिनाइल अल्कोहोल पाण्यात विरघळतं ना, मग त्याच्याच धाग्यांची मासेमारीची जाळी कशी काय बनवतात? आणि नुसता वॉटरप्रूफ स्प्रे मारून कुठलाही सिंथेटिक धागा तसा पक्का होतो का?

उत्तर: स्प्रेचं आधी सांगतो, नाही होत. सिलिकॉन किंवा फ्लोरिनवाला थर पाणी वरच्यावर घरंगळवतो, पण धाग्याच्या आतली रचना होती तशीच राहते, आणि धुऊन घासून थर गेला की मूळ स्वभाव परत दिसायला लागतो. खरं काम आत करावं लागतं.

पीव्हीएचा रेणू म्हणजे एक लांब साखळी, तिच्यावर जागोजागी हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) असतात, पाणी त्यांनाच जाऊन चिकटतं आणि साखळ्या सुटतात. १९३९ मध्ये जपानमधल्या क्योटोत साकुरादा इचिरो आणि री सुंग-गी वगैरे रसायनशास्त्रज्ञांनी या पीव्हीएपासूनच विनायलॉन नावाचा, पाण्यात न विरघळणारा धागा काढला, जाळ्यांचा धागा तो हाच. युक्ती दोन टप्प्यांची. आधी धागा ताणायचा आणि २०० अंश सेल्सिअसच्या वर कोरडी उष्णता द्यायची, म्हणजे साखळ्या मोळीसारख्या घट्ट लागून स्फटिक बनतात, तिथे पाण्याला शिरायला वाव राहत नाही. पण मधले सैल भाग उरतातच, उकळत्या पाण्यात तेच फुगतात आणि धागा आकसतो. म्हणून मग दुसरा टप्पा, आम्लाच्या सोबतीने फॉर्मल्डिहाइड नावाचं रसायन, ते या सैल भागातल्या हायड्रॉक्सिल गटांना जोडीजोडीने बांधून टाकतं.

क्रम उलटा केलात तर पंचाईत, कारण आधीच बांधलेल्या साखळ्या नीट रांगेत येत नाहीत, स्फटिक कमी बनतात. आणि सगळे गट बांधायचेही नसतात हां, थोडे मोकळे राहिले म्हणून तर विनायलॉन सुती कापडासारखा घाम शोषतो.

बाकी धाग्यांची दुखणी वेगळी. नायलॉन गरम हवेत ऑक्सिजनमुळे कमजोर होतं, म्हणून टायरच्या दोऱ्यात तांब्याचे क्षार थोडे मिसळतात. पॉलिएस्टर पाणी जेमतेम ०.४ टक्के शोषतं, तरी माझ्या मते लोक त्याच्यावर जरा जास्तच भरवसा टाकतात, कारण गरम पाण्यात, वाफेत बराच काळ राहिलं तर त्याचे एस्टर बंध (साखळीचे दुवे जोडणारे बंध) तुटत जातात आणि तुटलेल्या टोकांचं आम्ल पुढची तोडफोड आणखी वाढवतं. त्यावर उपाय म्हणून कार्बोडायइमाइड नावाचं रसायन घालून ती टोकं बंद करतात, पण हे धागा काढतानाच करायचं, तयार कापडावर नंतर काही जमत नाही.